आठवड्याचा कागद आणि आईचा रविवार



रविवारी सकाळी विहारात वंदना संपली की बाहेर चपला शोधता शोधता चार गोष्टी बोलल्या जातात. त्यात एक वाक्य हमखास ऐकू येते. "ताई, यायचे फार मनात असते हो, पण वेळच मिळत नाही!" असे म्हणणाऱ्या भगिनी आळशी असतात असे कोण म्हणेल? पहाटे उठून त्या भाकऱ्या करतात, मुलांचे डबे भरतात, पाणी भरतात. मग कुणी आंब्याच्या बागेत मजुरीला जाते, कुणी मासळीच्या कारखान्यात, कुणी शाळेवर, कुणी कचेरीत. संध्याकाळी एस.टी.ने घरी परतल्यावर पुन्हा चूल आहेच. अशा बाईला "वेळेचे नियोजन करा" असे नुसते सांगणे म्हणजे उपाशी माणसाला आहाराचे महत्त्व पटवून देण्यासारखे आहे.

तरीही या वेळच्या लेखात आम्ही नियोजनाबद्दलच लिहिणार आहोत. याचे कारण आमच्याच घरी घडलेली एक गोष्ट आहे. ती सांगायला संकोच वाटतो, पण आपल्या पानावर आपल्या माणसांपासून काय लपवायचे?

आमची मुलगी महाविद्यालयात शिकते. तिची शिष्यवृत्ती आहे. तिच्या नूतनीकरणाचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा होता आणि त्याला उत्पन्नाचा चालू दाखला हवा होता. मुलीने बाबांना सांगितले. बाबा म्हणाले, "आईला आठवण कर." आम्ही म्हटले, "दादाला सांग, तो शहरात जातोच आहे." दादा म्हणाला, "शनिवारी जातो." शनिवारी तो गेला, तर कार्यालयाला कुलूप! २०२० च्या फेब्रुवारीअखेरीपासून राज्य सरकारी कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आहे, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. पण जुन्या सवयीने सरकारी काम शनिवारवर ढकलले गेले. पुढचा आठवडा एका नातलगाच्या जलदानविधीत आणि लावणीच्या धांदलीत गेला. दाखला हाती आला तेव्हा अर्जाची मुदत संपून गेली होती.

त्या वर्षीची फी आम्ही महिला बचत गटातून कर्ज काढून भरली. पैशाचे दुःख झालेच, पण त्याहून मुलीचे एक वाक्य मनाला लागले. ती रागावली नाही की रडली नाही. एवढेच म्हणाली, "घरात चार माणसे होती, आणि काम कुणाचेच नव्हते."

ज्या शिक्षणासाठी बाबासाहेबांनी उभे आयुष्य वेचले, त्या शिक्षणाचा हक्काचा पैसा आमच्या घरातून केवळ गलथानपणामुळे निसटला. यात दोष कुणा कार्यालयाचा नव्हता. तो आमचाच होता. त्या रात्री आम्ही जुन्या दिनदर्शिकेचे एक पाठकोरे पान घेतले, त्यावर सात रकाने आखले आणि भिंतीवर खिळ्याला अडकवले. आमच्या घरातील पहिला आठवड्याचा कागद तो हा.

आता त्या कागदाने आम्हाला काय शिकवले ते सांगतो.

पहिल्या आठवड्यात आम्ही ठरवले की घरातील प्रत्येक काम लिहायचे आणि ते कोण करतो त्याचे नाव पुढे घालायचे. पाणी भरणे, बाजार, भांडी, धुणे, सासूबाईंची औषधे, वीज बिल, बचत गटाचा हप्ता, मुलीचा अभ्यास, विहाराची झाडलोट, मंडळाची बैठक असे सगळे लिहिले. रविवारी रात्री मुलांच्या बाबांनी सहज म्हणून मोजायला घेतले. एकूण कामे ४१ भरली. त्यांपैकी २९ कामांपुढे 'आई' असे लिहिले होते. बाबांच्या नावावर ६, मुलीच्या नावावर ४ आणि चिरंजीवांच्या नावावर अवघी २! त्यातले एक काम 'मोबाईल रिचार्ज' हे होते.

कागदासमोर थोडा वेळ कुणीच बोलले नाही. वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत चाललेली गोष्ट, पण लिहिल्याशिवाय दिसली नव्हती. आम्हालाही ती दिसली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

वाचकहो, येथे थोडे इतिहासात डोकावू या. आपण ज्याला रविवार म्हणतो, तो सुटीचा वार कामगारांना कुणी आयता दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत असत. त्या कामगारांत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या माणसांची संख्या फार मोठी होती. त्यांना आठवड्याची हक्काची सुटी नव्हती. महात्मा जोतीराव फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात पहिली मागणी होती रविवारच्या सुटीची, आणि दुसरी दुपारच्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीची. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, ही गोष्ट आपल्या भगिनींनी मुद्दाम लक्षात ठेवावी. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाने कायद्याने आठवड्याची सुटी कायद्यात आली.

हीच लढाई बाबासाहेबांनी पुढे नेली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी कायदादुरुस्ती १९४६ साली झाली, ती त्यांच्याच खात्याच्या प्रयत्नांतून. कामगाराला जगायला पगार लागतो तसा वेळही लागतो, हे त्यामागचे तत्त्व होते.

आता आम्ही आपल्याला एक साधा प्रश्न विचारतो. गिरणीतल्या कामगाराला रविवार मिळाला त्याला आता १३० हून अधिक वर्षे झाली. आपल्या घरातील बाईला तो मिळाला का? खरे पाहता तिचा रविवार हाच आठवड्यातला सर्वांत जड वार असतो. सगळे घरी असतात, म्हणून स्वयंपाक अधिक. मच्छी आणायची, ती साफ करायची, वाटण वाटायचे. त्याच दिवशी कुणाचा साखरपुडा, कुणाचे नामकरण, कुणाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. मुंबई शाखेची माणसे गावी आली तर गावशाखेची बैठकही रविवारीच. दहाची बैठक बारापर्यंत सुरू होत नाही आणि चहा मात्र दोनदा करावा लागतो! सोमवारी ती कामावर जाते तेव्हा विश्रांती घेऊन गेलेली नसते. रविवारच्या राबण्यातून थेट सोमवारच्या राबण्यात ती गेलेली असते.

तथागत बुद्धांनी गृहस्थ जीवनाचा विचार किती बारकाईने केला होता, हे सिगालोवाद सुत्तावरून कळते. आळशी माणसाच्या सहा सबबी त्यात सांगितल्या आहेत. फार थंडी आहे, फार ऊन आहे, फार लवकर आहे, फार उशीर झाला, भूक लागली आहे, पोट फार भरले आहे, असे म्हणून तो काम टाळतो. आमच्या चिरंजीवांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "यात मोबाईल नाही!" असो. त्याच सुत्तात मालकाने नोकराशी कसे वागावे याची पाच कर्तव्ये आली आहेत. त्याच्या शक्तीप्रमाणे काम वाटून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळोवेळी त्याला सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही शिकवण आहे. पाचांतली पहिली आणि शेवटची पुन्हा पाहा. शक्तीप्रमाणे कामाची वाटणी आणि वेळोवेळी सुटी. आठवड्याच्या नियोजनाचा अर्थ याहून वेगळा काय असणार? नोकरालाही जे मिळाले पाहिजे असे बुद्धांनी सांगितले, ते घरच्या गृहिणीला मिळत नसेल तर आपल्या भिंतीवरील बुद्धमूर्तीच्या तसबिरीकडे आपण कोणत्या तोंडाने पाहायचे?

बाबासाहेबांच्या अभ्यासाच्या गोष्टी आपण मुलांना नेहमी सांगतो. १९२० ते १९२३ या काळात ते लंडनला होते, तेव्हा ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवसच्या दिवस बसून वाचत. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' निघाले तेव्हा महाडचा लढा, वकिली आणि सभा सांभाळून त्यातील बहुतेक मजकूर त्यांना स्वतः लिहावा लागे. वेळेची किंमत त्यांच्याइतकी कुणी जाणली असेल? हे सांगावेच. पण त्याच वेळी परळच्या चाळीत घर कोण चालवत होते, हेही सांगावे. आपल्या दापोली तालुक्यातील वणंद गावची ती लेक, माता रमाई. तुटपुंज्या पैशांत, लेकरांच्या आजारपणात आणि मृत्यूच्या दुःखात तिने घर उभे ठेवले. ग्रंथालयातल्या त्या तासांत रमाईचेही तास मिसळलेले आहेत. बाबासाहेब हे विसरले नाहीत. रमाई १९३५ साली गेल्या, आणि १९४० साली निघालेला पाकिस्तानविषयीचा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. घरातील एकाला शिकता यावे म्हणून दुसरा आपला वेळ देत असतो. तो वेळ कुणाचा आणि किती, हे लिहून ठेवण्याइतकी कृतज्ञता तरी आपण दाखवली पाहिजे.

आता प्रत्यक्ष कागद कसा करावा, ते अनुभवावरून सांगतो. यात चुका आमच्या, आणि त्यावरचे उपायही घरगुतीच.

एक. बसण्याची वेळ ठरवा. आम्ही शनिवारी रात्री जेवणानंतर अर्धा तास बसतो. घरातील सर्वांनी बसायचे, सासूबाईंपासून मुलांपर्यंत. एकट्या आईने कागद भरला तर तो आईच्या कामांची यादी होऊन बसतो.

दोन. आधी न हलणाऱ्या गोष्टी लिहा. शाळा, कामाची पाळी, एस.टी.ची वेळ, पाणी येण्याची वेळ, आपल्या गावच्या बाजाराचा वार. दाखले, अर्ज, बँक ही कामे सोमवार ते शुक्रवारमध्येच घाला. त्यासाठी एकाने अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागली तरी ती आधी ठरवून टाका.

तीन. मुदतीची कामे लाल पेन्सिलीने लिहा, आणि शेवटची तारीख लिहू नका. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख लिहा. संकेतस्थळ बंद पडते, पावसात वीज जाते, सही करणारे साहेब रजेवर असतात. शिष्यवृत्ती, जात पडताळणी, प्रवेश, परीक्षेची फी ही आपल्या मुलांच्या भविष्याची कामे आहेत. ती सर्वांत वर लिहा.

चार. प्रत्येक कामापुढे एकच नाव लिहा. 'सगळ्यांनी मिळून' असे लिहिलेले काम होत नाही, हे आम्ही एका वर्षाची शिष्यवृत्ती गमावून शिकलो आहोत.

पाच. कागद भरगच्च करू नका. आमचा दुसरा आठवडा पार फसला. उत्साहाच्या भरात आम्ही प्रत्येक संध्याकाळ भरून टाकली होती. बुधवारी वाडीत मयत झाली, गुरुवारी पऱ्याला पूर आला आणि सगळे वेळापत्रक वाहून गेले. सासूबाई हसून म्हणाल्या, "आमचा आठवडा पाऊस ठरवायचा. तुम्ही पावसाला विचारलेत का?" तेव्हापासून आठवड्यातील दोन संध्याकाळी आम्ही कोऱ्या ठेवतो. माणसांच्या सुखदुःखाला धावून जाणे हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे. त्याला जागा ठेवलीच पाहिजे.

सहा. वाचनाचा तास लिहा. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा हा वर्षावास तीन महिन्यांचा, म्हणजे साधारण तेरा आठवड्यांचा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे खंड आहेत आठ. मोठ्या खंडांना दोन दोन आठवडे दिले तरी घरात बसून संपूर्ण ग्रंथ वर्षावासात पुरा होतो. कोकणात नेमकी हीच लावणीची आणि बेणणीची घाई असते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत थोडी पाने ठेवा आणि भात पोटरीला आले की वाढवा. एका वेळी एकाने मोठ्याने वाचावे. ऐकणाऱ्याचे हात मसूर निवडत असले तरी काही बिघडत नाही.

सात. आणि आता सर्वांत महत्त्वाचे. आईची सुटी लिहा. पूर्ण दिवस जमत नसेल तर रविवारची दुपार लिहा. त्या वेळेत ती झोपेल, वाचेल, महिला मंडळात जाईल किंवा नुसती ओटीवर बसेल. तिने त्या वेळात काय केले असे कुणी विचारायचे नाही.

हे लिहिणे सोपे, अमलात आणणे कठीण, हे आम्ही जाणतो. चिरंजीवांच्या नावापुढे 'रविवारची भांडी' असे लिहिले तेव्हा त्यांचे तोंड उतरले. "मित्र आले तर काय म्हणतील?" असा त्यांचा प्रश्न. तेव्हा त्यांचे बाबा म्हणाले, "चौदा एप्रिलला तू माइकवर समतेवर भाषण केलेस ना? तेच म्हणतील." त्यांनी स्वतःही बाजार आणि पाणी ही दोन कामे आपल्या नावावर घेतली. पहिल्या बाजारात त्यांनी जून भेंडी आणली. आम्ही काही बोललो नाही, तिची भाजी केली. कारण एकदा टोमणा मारला की काम पुन्हा आपल्याकडे येते, हेही भगिनींनी लक्षात ठेवावे. काम सोपवणे म्हणजे ते आपल्या मनासारखे न होण्याची तयारी ठेवणे. इतकी वर्षे "तुम्हाला नाही जमायचे" असे म्हणून आम्हीच किती कामे ओढून घेतली होती, हे त्या भेंडीने दाखवून दिले.

मुलीच्या कामांबद्दलही एक गोष्ट लक्षात आली. बाबांची आणि दादाची कामे वाढवताना आम्ही नकळत आमची पाच कामे मुलीच्या नावावर सरकवली होती. आईचा भार कमी होऊन तो मुलीवर पडला, तर बदल काय झाला? घरातील एका बाईचे ओझे दुसऱ्या बाईच्या डोक्यावर गेले इतकेच. आम्ही ती नावे खोडली. परीक्षेच्या महिन्यात तिच्या रकान्यात आता केवळ 'अभ्यास' असे लिहिलेले असते आणि पुढे वेळ.

गेल्या रविवारी पुन्हा मोजणी केली. ३८ कामे होती. 'आई' १७, 'बाबा' ११, 'दादा' ६, 'ताई' ४. अजून वाटणी सारखी झालेली नाही. पण मुलीचा यंदाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात भरून झाला, त्याची पावती त्याच खिळ्याला अडकवलेली आहे. आणि रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळेत आम्ही हा लेख लिहीत आहोत. आतून भांडी घासल्याचा आवाज येतो आहे. एक पेला पडल्याचाही आला. आम्ही उठलो नाही.

येत्या शनिवारी आपणही एक पाठकोरा कागद घ्या. सगळे बसा. आधी सर्व कामे लिहा, पुढे नावे घाला आणि मोजा. ज्या नावापुढे सर्वांत जास्त कामे निघतील, त्या माणसाची सुटी त्याच कागदावर पहिल्यांदा लिहा. आपल्या घरी काय आकडे निघाले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. निवडक पत्रांवर याच पानात आपण पुन्हा बोलू.

नमो बुद्धाय! जयभीम!